खटक्यावर कोणी नाही

२० जानेवारी

भुंग्या,

आशीर्वाद लिहायला पेन उचलत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. राग मानू नकोस. मानलास तरी चालेल.

तुला आत नेल्यापासून मी भेटायला आलो नाही, दोन ओळीही लिहिल्या नाहीत. वकीलबाई म्हणाल्या, "त्याला मोठं माणूस म्हणून तुम्हीच उरलात. निदान पत्र तरी टाका. पण तिथे पत्रं उघडून वाचतात, तेवढं ध्यानात असू द्या." म्हणून सांभाळून लिहितो.

घरी सगळे बरे आहेत. तुझी बायको पोरीला घेऊन आमच्याकडेच राहते. पोरगी विचारते तेव्हा तुझी वहिनी सांगते की बाबा लांबच्या वखारीत कामाला गेलाय. मला खोटं बोलवत नाही. मी उठून अंगणात जातो आणि काहीतरी झाडत बसतो.

तुझा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, एक मीच राहिलो. माझ्या बटणांच्या फोनमध्ये फोन येतो, फोन जातो आणि टॉर्च लागतो, बस. तरी मला तो पाठ झाला आहे, कारण ज्याला त्याला मला तो सांगायचा असतो. परवा न्हावी दाढी करता करता म्हणाला, "तुमचा भाऊ दिसतो एवढासा, पण काय ओरडतो हो! मार, मार! अंगावर काटा येतो." वस्तरा माझ्या गळ्यावर होता. मी हललो नाही.

तू पोलिसांना सांगितलंस, "मी मार म्हणालोच नाही, मी थांबवत होतो." भुंग्या, सगळ्या गावाने ऐकलेला शब्द तू नाकारतोस? रागाच्या भरात माणसाच्या हातून काहीही होतं, हे मी समजू शकतो. पण शुद्धीवर आल्यावर, पोलिसांपुढे खोटं? आपल्या गुरुजींनी आपल्याला एवढं एकच शिकवलं होतं.

किल्लीवाला तुझाही ओळखीचा होता. वखारीच्या फाटकाची किल्ली त्यानेच घडवली. अजूनही ती कुलपात फिरवताना जरा अडते आणि मग सुटते, आणि रोज सकाळी त्या अडण्यापाशी मला तो दिसतो, मान तिरकी करून, डोळा बारीक करून. दूधवाला म्हणाला, माझा फोन यानेच उचलला. आणि लोकांनी भर दुपारी त्याला रस्त्यात मारून टाकला. फोन दुसऱ्या दिवशी दूधवाल्याच्याच रिकाम्या क्रेटखाली सापडला.

तसाच फोन मागच्या वर्षी तू माझ्यासाठी आणला होतास. मी खोकं न उघडता परत दिला. म्हणालो, देवाने डोळे समोरचं बघायला दिलेत, ते पुरे. तू म्हणालास, "दादा, तू घाबरतोस आणि देवाला पुढे करतोस." तेव्हापासून आपलं बोलणं तुटलं. खोकं तुझ्या कपाटात तसंच आहे, असं तुझी बायको सांगत होती. असू दे तिथेच. ज्या वस्तूपायी माणूस मेला ती वस्तू मी घरात आणणार नाही.

दादा

९ फेब्रुवारी

भुंग्या,

आज लिहितो ते नीट वाच. वाचणाऱ्या साहेबांनीही वाचलं तरी चालेल.

मी रेडिओला मारलं. वखारीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत ज्याची जीभ टाळूला लागत नाही, तोच आपला रेडिओ. झालं असं की करवत चालू होती, पण ओंडका अजून चढवला नव्हता, पातं नुसतंच गरगरत होतं. रेडिओने गाणी लावायच्या त्या डब्याला फोन जोडला आणि सगळ्यांना म्हणाला, "ऐका, आपल्या भुंग्याचा आवाज!" मी भुसा भरत होतो. पळून जायला वेळच मिळाला नाही.

आधी नुसता गलका आला. मग तुझा आवाज. "मार! मार!"

आणि करवत बंद पडली.

खटक्यावरच्या काकांनी खटका ओढला होता. पातं फिरत फिरत थांबायच्या आत ते धावत ओंडक्यांपाशी आले. चेहरा पांढराफटक. "कोणाचा हात? अरे, कोणाचा हात गेला?"

सगळे हसायला लागले. रेडिओ तर पोट धरून. "अहो काका, व्हिडिओ आहे तो! तिकडे भुंग्या माणूस मारतोय, तुम्ही मशीन कसली बंद करता?"

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. रेडिओचा ओठ फाटलेला आठवतो. माझ्या हातात फळीचा तुकडा होता, तो कधी आला ते आठवत नाही. तो खाली पडला तरी मी थांबलो नाही. भुशावर रक्त पडलं की ते पसरत नाही, गोळा होतं, हे मी त्या वेळी बघत होतो आणि पुन्हा हात उचलत होतो. बाकीच्यांनी काय केलं असेल? फोन वर धरले. काका तेवढे मध्ये आले. त्यांनी आपला हात मध्ये घातला, आणि रेडिओच्या डोक्यावर बसायचा फटका त्यांच्या मनगटावर बसला. हाड तडकलं, ते मला ऐकू आलं. तेव्हा मी थांबलो.

मी जप करणारा माणूस. माझ्या आत हे कुठे बसलं होतं?

रेडिओची माफी मागितली. सुजलेल्या तोंडाने तो म्हणाला, "दादा, तुम्ही तर भुंग्याच्या वर निघालात." आणि हसला. त्याचं हसणं जास्त लागलं.

पण हे सगळं सांगायला मी बसलो नाही. काकांचं मनगट बांधून देताना मला कळलं, की त्यांनी काय ऐकलं होतं.

आपले बाबा. त्यांची बाही दातांनी ओढून पात्याने हात आत घेतला, तेव्हा तू केवढासा होतास. बाबांच्या मदतनिसाने "खटका मार, खटका मार" म्हणेपर्यंत कोपर गेलं होतं. दोन शब्दांना वेळ लागतो, म्हणून त्या दिवसापासून वखारीत एकच शब्द ठेवला. मार. आणि गोंगाटात आवाज पोचला नाही तर दिसावं, म्हणून त्याच्याबरोबर हात वर, बोटं पसरून. मार म्हणजे थांबव. मार म्हणजे कोणाचा तरी हात वाचव. न्हाव्याकडून ऐकला तेव्हा मलाच तो ओळखू आला नाही. तू बोलायला शिकलास त्याच वखारीत. भीती वाटली की तुझ्या तोंडून दुसरा शब्द येणार तरी कुठून?

मला आता फक्त एवढंच सांग. हात वर होता का?

दादा

२६ फेब्रुवारी

भुंग्या,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. "दादा, मी मार म्हणालो नाही. थांबवत होतो. जितका ओरडलो तितके ते चेकाळले. हाताचं आठवत नाही. तू बघू नकोस."

म्हणजे तुला अजूनही माहीत नाही तुझ्या तोंडून काय गेलं ते. मी तुला खोटारडा म्हणालो. तो शब्द मागे घेतो.

वकीलबाईंना वखारीतल्या शब्दाचं सांगितलं. म्हणाल्या, "गोष्ट खरी वाटते, म्हणूनच कोणी मानणार नाही. सगळ्यांकडे आहे त्या तुकड्यात नुसता चेहरा आहे. हात दिसायला हवा." काकांना साक्षीला नेलं तरी ते आवाजाबद्दल सांगतील, हाताबद्दल नाही.

मग परवा दूधवाल्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या शिंप्याने मला हाक मारली. "या, माप देऊन जा." मी म्हणालो, मला काही शिवायचं नाही. "या हो, या." दार लोटून घेतलं आणि माझ्या गळ्याभोवती टेप टाकून मापं सांगावीत तसं हळू बोलायला लागला.

"माझ्याकडे सगळं आहे. वरून काढलंय, खिडकीतून. पहिल्यापासून."

"मग पोलिसांना का नाही दिलंत?"

"खाली दूधवाला. समोर त्याचा मेहुणा. मला इथे दुकान चालवायचंय. छाती किती भरली बघा तुमची, श्वास सोडा." त्याने टेप काढली. "वकिलाला देणार नाही, वखारीतल्या कोणाच्या फोनवर टाकणार नाही. दुपारपर्यंत गावभर होईल. तुमच्या स्वतःच्या फोनवर पाठवतो. पुढे काय करायचं ते तुमच्यावर. नंतर माझा नंबर विसरा."

मी खिशातून माझा फोन काढून दाखवला. तो बघून शिंपी कपाळाला हात लावून हसला. "यात माझ्या आजीचा फोटोसुद्धा मावणार नाही."

"त्यात काय दिसतं?" मी विचारलं. "हात दिसतो?"

"सगळं दिसतं," तो म्हणाला, आणि हसू एकदम गेलं. "मी दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा नाही बघितलं."

भुंग्या, आता तूच म्हण की मी घाबरतो. हो, घाबरतो. आज माझ्याकडे दोन भाऊ आहेत. एकाचा हात वर आहे, बोटं पसरलेली. दुसऱ्याच्या हातात दांडकं आहे. बघितलं नाही तोवर दोघंही घरात राहतात. बघितलं की एकाला हाकलावं लागेल. तुझी बघू नकोस म्हणण्याची घाईही मला कळत नाही. ज्याचा हात वर होता तो बघू नकोस का म्हणेल?

काल देवापुढे बसलो होतो. जप कुठे चालला होता कोण जाणे. तुझी वहिनी मागून म्हणाली, "एवढी वर्षं फोन नको म्हणून देवाला पुढे केलंत. आता त्यालाच विचारा की. त्याने तर सगळं बघितलंय. त्याला चालतं, तर तुम्हाला का चालत नाही?"

तुझी बायको दारातून ऐकत होती. संध्याकाळी माझ्या उशाशी ते खोकं होतं.

दादा

४ मार्च

भुंग्या,

खोकं फोडलं. तू आधीच कधीतरी फोडून पुन्हा चिकटवलं होतंस. माझ्या डोळ्यांसाठी अक्षरं मोठी करून ठेवली होतीस. उघडल्या उघडल्या वखारीचा फोटो आला, बाबांचा, दोन्ही हात असतानाचा. मी फोन तसाच परत दिला होता, आणि आत हे आहे असं तू एका शब्दानेही बोलला नाहीस.

रेडिओकडून सगळं शिकलो. फाटक्या ओठाने त्याने मला शिकवलं, कुठे दाबायचं, कसं थांबवायचं. "दादा, बोट दाबून धरू नका, नुसतं टेकवा. फळी नाहीये ती." आणि शिकवून झाल्यावर, न सांगता, निघून गेला.

शिंप्याने व्हिडिओ पाठवला, पण घरात बघवेना. सकाळी सगळ्यांच्या आधी वखारीत आलो, बंद करवतीशेजारी ओंडक्यावर बसलो. पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. तुला ते आठवत नाही, म्हणून सांगतो. ऐकायची इच्छा नसेल तर पत्र इथेच घडी कर.

किल्लीवाला उभा आहे. पिशवी उलटी करून दाखवतोय, कानस, चिमटा, किल्ल्यांची मोठी कडी. दूधवाला क्रेट उचलून त्याच्या तोंडावर घालतो. कडी तुटते आणि किल्ल्या रस्ताभर उडतात. तो खाली वाकतो. मार चुकवायला नाही, किल्ल्या गोळा करायला. तेवढ्यात मागून पाठीत लाथ. मग पट्टा. मग कोणीतरी वीट आणतो. वीट आणणारा माणूस रोज आपल्याला वाटेत हसून विचारतो, काय दादा, बरं आहे ना. माणसाच्या डोक्यावर वीट बसली की आवाज ओल्या लाकडासारखा येतो. मला तो आवाज कामामुळे ओळखता आला, याची मला शिसारी आली.

तू उजवीकडून येतोस. डाव्या हातात डब्याची पिशवी. आणि उजवा हात वर, भुंग्या. वर. बोटं पसरलेली. बाबांनी शिकवला तसा, कानाला चिकटून, सरळ. "मार! मार!" तुझ्या गळ्याच्या शिरा वरून दिसतात. तू त्याला वाचवतो आहेस. जगात हे फक्त आपल्या वखारीतल्या माणसांना वाचता येईल, पण तू त्याला वाचवतो आहेस.

इथे मी थांबवलं आणि रडलो. तुझा हात डोळ्यांसमोर ठेवून रडलो. इथेच संपवून तुला लिहावं असं मनात आलं. पण पुढे होतं.

तू ओरडलास तेव्हा त्यांचे हात जरा ढिले पडले होते. दमले होते सगळे. किल्लीवाला उठून बसला होता, नाकातोंडातून रक्त, पण बसला होता. दूधवाल्याने वळून तुझ्याकडे बघितलं. "मार!" तू म्हणालास. त्याने मान हलवली. कामावर मुकादमाने सांगितल्यावर हलवतात तशी. आणि पडलेली वीट उचलली. तू आणखी जोरात ओरडलास. ते आणखी जोरात मारू लागले. तू रडत होतास आणि ओरडत होतास, आणि तुझ्या प्रत्येक ओरडण्यावर एक फटका बसत होता, तालावर बसावा तसा. किल्लीवाल्याने शेवटी बघितलं तेही तुझ्याकडेच. तो हलायचा थांबल्यावर तू थांबलास. डब्याची पिशवी तू शेवटपर्यंत खाली ठेवली नाहीस.

हे तुला सांगू नये असं वकीलबाई फोनवर म्हणाल्या. "सुटायला हात पुरेसा आहे. बाकीचं तो आत बसून कशाला वाहील?" मी खूप विचार केला. पण मग मी तुझ्या बाजूने अर्धंच बघितलं असं होईल, आणि अर्धं बघून तर सगळं गाव बसलं आहे.

तुझा हात वर होता. तुझ्याच शब्दाने तो मेला. दोन्ही खरं आहे. दोन भावांपैकी एकालाही मला हाकलता आलं नाही.

उद्या वकीलबाईंना फोन नेऊन देतो. शिंप्याची खिडकी लोक ओळखतीलच. त्याला तसं सांगून आलो. त्याने दुकानाचं दार बंद केलं.

दादा

१९ एप्रिल

चिरंजीव भुंग्या, तुला माझे अनेक आशीर्वाद.

कोर्टात तू मान वर केली नाहीस, म्हणून तुला मी दिसलो नसेन. माझ्यामागे रेडिओही बसला होता. काकांनी बांधलेला हात दाखवून साक्ष दिली, आणि मग माझी पाळी. वकीलबाई म्हणाल्या, वखारीत करता तसं करून दाखवा. मी हात वर केला आणि ओरडलो. त्या खोलीत तो शब्द फार मोठा झाला. पोलिसाने कमरेला हात घातला.

समोरच्या वकिलाने विचारलं, "म्हणजे तुमच्याकडे मार म्हणजे वाचव?"

"हो, साहेब."

"आणि रस्ता ही तुमची वखार आहे का?"

"नाही, साहेब," मी म्हणालो. "रस्त्यात खटक्यावर कोणी नसतं."

बोलून गेल्यावर मलाच ते कळलं. वखारीत आपण ओरडतो, आणि दुसरा कोणीतरी थांबवतो. आपली सवयच ती. काकांनी मात्र त्या दिवशी हात मध्ये घातला होता.

चिथावणीचा आरोप टिकणार नाही असं वकीलबाई म्हणतात. तू सुटशील असं अजून कोणी म्हणत नाही. वाट बघू.

बाहेर जिन्यावर किल्लीवाल्याची बायको उभी होती. माझी साक्ष तिने आत मागे बसून बघितली होती. मी खाली मान घालून चाललो होतो. तिने वाट अडवली. बाई लहानखुरी आहे, आवाजही लहान.

"तुमच्या भावाला दोन्ही हात आहेत ना?"

"आहेत."

"एक वर होता. दुसऱ्यात डबा होता." ती थांबली. "एवढंच विचारायचं होतं. त्याला विचारा. उत्तर मला नको तुमच्याकडून. सुटला की त्याने येऊन द्यावं."

मी होय म्हणालो. तुझ्या वतीने म्हणालो, भुंग्या. ते तुला निभवावं लागेल.

मग ती जाईल असं वाटलं, तर गेली नाही. पदराआडून फोन काढला. माझा जुना होता तसाच, बटणांचा. "यात ते येत नाही," ती म्हणाली. "लोक म्हणतात तुमच्याकडच्यात तो पहिल्यापासून आहे. उभा असलेला."

मी म्हणालो, "ताई, नका बघू."

"मारलेला मी बघितलाय. मी त्याला धुतलाय. मला उभा असलेला बघायचाय. कामावरचा त्याचा एक फोटो नाही माझ्याकडे."

कोर्टाने नक्कल काढून घेऊन माझा फोन एव्हाना परत दिला होता. जिन्यातच आम्ही बसलो, मध्ये एक पायरी सोडून. नुसतं टेकवायचं, रेडिओने सांगितलं होतं. चित्र हललं. किल्लीवाला उभा, मान तिरकी, पिशवी उलटी करून एक एक वस्तू दाखवतोय. कानस. चिमटा. किल्ल्यांची कडी वर धरून तो काहीतरी म्हणतो, आणि क्षणभर हसतोसुद्धा, गैरसमज आहे, आता मिटेल, अशा माणसाचं हसणं. ती पुढे वाकली. कोपऱ्यातून दूधवाला क्रेट उचलायला वळला.

तिने हात वर केला. कानाला चिकटून, सरळ, बोटं पसरून.

मी बोट टेकवलं.

तो उभाच राहिला, हातात सगळ्या किल्ल्या.

तुझा,
दादा